आत माणूस आहे

कटरचा आवाज मला आधी भुंग्यासारखा वाटला. चौकीच्या पत्र्याखाली मी चूल फुंकत बसले होते. बाहेर धुकं इतकं दाट होतं की दारातली पाण्याची टाकीसुद्धा दिसत नव्हती. खालच्या अंगाला, काळवणाच्या बाजूला, काहीतरी घुं-घुं करत होतं. मग ते थांबलं. थोड्या वेळाने कडाड असा लांबच लांब आवाज झाला आणि पायाखालची जमीन किंचित हलल्यासारखी वाटली.

मी वॉकीटॉकी उचलला. पलीकडे आमचे रेंजर काटकर साहेब होते.

"सर, काळवणात कटर चालू झालाय. एक झाड पडलं."

"वाटलंच होतं मला," साहेब म्हणाले. "उद्या कोर्टाची माणसं पाहणीला येतायत, म्हणून आजच. सुतार, तुम्ही चौकी सोडू नका. मी पोलीस घेऊन निघतो. घाटात धुकं आहे, पोचायला दुपार होईल."

"दुपारपर्यंत काही उरणार नाही, सर."

"तुम्ही एकट्या आहात, रत्नमाला."

साहेबांनी मला नावाने हाक मारली ती तेवढी एकदाच. मग नुसती खरखर आली आणि आवाज तुटला.

मी तेव्हा काळवणाच्या बीटवर वनरक्षक होते. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. हे रान म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणाकडे उतरणारं राखीव वन. त्यातून खाली कोकणात जाणारा मोठा रस्ता काढायचा, असा घाट काही लोकांनी घातला होता. वरच्या पठारावर त्यांनी जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. सावंतवाडीच्या एका प्राध्यापकांनी त्याविरुद्ध कोर्टात अर्ज केला होता. ठेकेदाराचं म्हणणं असं की तिथे जुनी गाडीवाट आहे, झाडं नाहीतच, नुसती झुडपं आहेत. खरं काय ते डोळ्यांनी बघायला कोर्टाने माणसं नेमली होती. ती यायच्या आत झाडं आडवी करून त्यावर पोकलेन फिरवला की मग गाडीवाटच दिसणार होती.

साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी चौकीत बसले. चहा ओतला. तेवढ्यात दुसरं झाड पडलं. मी पेला तसाच ठेवला आणि टोपी घातली. ते शौर्य नव्हतं. तिथे बसून एकेक झाड पडताना ऐकत राहणं मला झेपेना, एवढंच.

काळवणाची वाट झोऱ्यांच्या धनगरवाड्यावरून जाते. चार-सहा घरं, म्हशींचे गोठे, भोवती काट्यांचं कुंपण. वाड्यावर मला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. त्याला कारण होतं. वाड्याला रस्ता नव्हता. मी यायच्या आदल्या पावसाळ्यात ठकूबाई झोरेची सून बाळंतपणात अडली. तिला घोंगडीच्या झोळीत घालून खाली गावाकडे नेताना ती वाटेतच गेली, पोटातल्या पोरासकट. वाड्याचा अर्ज खात्याकडे पडून होता, आणि खातं म्हणजे त्यांच्या लेखी माझी खाकी वर्दी. त्यात मी आल्या आल्या ठकूबाईचा कोयता जप्त केला होता, ओला फाटा तोडला म्हणून.

त्या सकाळी ठकूबाई कुंपणाशी उभी होती. पन्नाशीच्या पुढची, सुकलेली, ताठ.

"खाली चाललीस?" तिने विचारलं.

"हो."

"एकलीच?"

"नवलूला पाठवता का माझ्यासोबत?" मी विचारलं. नवलू तिचा मुलगा. "नुसता उभा राहिला तरी चालेल."

"नवलू कामाला गेलाय."

ती थोडा वेळ त्या आवाजाच्या दिशेला कान देऊन उभी राहिली. मग आत गेली आणि डोक्यावर घोंगडी घेऊन, हातात काठी घेऊन बाहेर आली.

"चल."

"तुम्ही कशाला, मावशी?"

"म्हस चुकलीया माझी," ती म्हणाली आणि माझ्यापुढे चालायला लागली.

उतारावर धुकं आणखी दाटलं. माझ्या पुढे चार पावलांवर तिची घोंगडी होती, तीही मधूनच दिसेनाशी व्हायची. मग वास आला. ओल्या भुशाचा. माझे वडील सुतार. त्या वासात मी लहानाची मोठी झाले, भुशाच्या ढिगावर झोपले. पण त्या सकाळी मी नाकावर बाही दाबून धरली.

आम्ही पोचलो तेव्हा बुंधे दिसले. एका रांगेत, पांढरे, ताजे. जांभूळ होती, पिसा होता. पुढे कडेला पिवळा पोकलेन यंत्र बंद करून उभा होता. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेतलेली, तोंडाला टॉवेल गुंडाळलेली माणसं इकडून तिकडे जात होती. एकाचंही तोंड नीट दिसत नव्हतं. एका ताडपत्रीखाली ठेकेदाराचा मेहुणा शिरसाट बसला होता. त्याला मी ओळखत होते. तो दोनदा चौकीवर येऊन गेला होता, खूप गोड बोलून.

"या मॅडम," तो म्हणाला. "चहा घ्या. आलं घातलंय."

"काम बंद करा. हे राखीव वन आहे. कटर खाली ठेवा आणि सगळे बाजूला व्हा."

माझा आवाज मलाच बारीक वाटला. माणसं थांबली, पण माझ्याकडे बघून नव्हे. ती शिरसाटकडे बघत होती.

"राखीव कुठलं, जुनी गाडीवाट आहे ही," तो उठत म्हणाला. "तुम्ही साहेबांना कळवलंच असेल. बघू, रेंज येते का इथं?"

त्याने हात पुढे केला. मी वॉकीटॉकी मागे घ्यायला हवा होता. पण लहान मुलाच्या हातातून चाकू काढून घ्यावा इतक्या अलगद त्याने तो माझ्या हातातून घेतला, मागची बॅटरी काढून खिशात घातली आणि उरलेला डबा मला परत दिला.

"ओला होतो हो," तो म्हणाला. मग जवळ आला आणि आवाज खाली आणला. "मॅडम, इथून पुढं कडा आहे. आमची माणसंसुद्धा कमरेला दोर बांधून जातात. धुक्यात पाय कुठं पडतोय कळत नाही. उद्या तुमच्या घरच्यांना काय सांगायचं आम्ही?"

घरातल्या माणसाची काळजी करावी तसं तो बोलला. माझ्या मागे दोन माणसं येऊन उभी राहिली होती. त्यांनी मला हातही लावला नाही. नुसती उभी राहिली, इतकी जवळ की एकाच्या तोंडचा तंबाखूचा वास मला येत होता. मी ठकूबाईला शोधायला मान वळवली. ती तिथे नव्हती.

मला वाटलं, गेली. म्हैस शोधायला आली होती, ती गेली. आता मी आणि ही माणसं.

पलीकडे एका कटरने पुन्हा बुंधा धरला होता. त्याच वेळी आतून, उभ्या झाडांमधून, धुक्यातून हाक आली.

"मी हितं हाय रंऽ!"

लाकूडतोड्यांच्या मुकादमाने झटकन हात वर केला. कटर थांबला. तो मुकादम म्हणजे बसाप्पा, खानापूरकडचा, बोलण्यात कानडी मिसळणारा. जाडजूड, दाढी पांढरी झालेला.

"कोण आहे ते?" शिरसाटने विचारलं.

"वाड्यावरची म्हातारी," कुणीतरी म्हणालं.

"हाकला तिला. काम चालू ठेवा."

"आत माणूस आहे री, साहेब," बसाप्पा म्हणाला. "माणूस आत असताना झाड पाडत नाही आम्ही. कुठं उभा आहे दिसत नाही, झाड कुठं जातंय दिसत नाही. नाही री."

ते ऐकलं आणि माझ्या पायांना आधी कळलं, डोक्याला नंतर. मागच्या दोघांना काही समजायच्या आत मी वाकले आणि सरळ झाडीत पळत सुटले.

काट्यांनी गाल ओरबाडले. टोपी गेली. पंधरा-वीस पावलांवर कुणीतरी माझं मनगट धरलं. मी किंचाळणार होते, पण ठकूबाईने दुसरा हात माझ्या तोंडावर दाबला.

"गप," ती कानात म्हणाली. "एका जागी ऱ्हायचं न्हाई. हाक द्याची आन् सरकायचं."

आम्ही तसं करायला लागलो. ती हाक द्यायची, मग आम्ही वाकून दहा-बारा झाडं पार करायचो आणि एखाद्या बुंध्याला टेकून उभ्या राहायचो. पुढची हाक मी द्यायची. काळवणात झाडांना गारंबीचे वेल गुंडाळलेले असतात, माणसाच्या मांडीएवढे जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. धुक्यात ते मध्येच समोर यायचे आणि दरवेळी मला वाटायचं, कुणीतरी हात पसरून उभं आहे.

शिरसाटने माणसं आत सोडली. पाचोळा ओला होता, त्यामुळे पावलं वाजत नव्हती. ती कुठे आहेत ते कळायचं नाही. एकदम शिंक ऐकू यायची, तीही अगदी शेजारी. एकदा आम्ही एका अंजनीच्या झाडामागे बसलो होतो आणि दोघे जण आमच्या अगदी जवळून गेले. हात लांब केला असता तर त्यांच्या खोळीला लागला असता. माझ्या मानेवर जळू चढत होती, ती हळूहळू केसांत शिरली. मी हललेसुद्धा नाही.

"सापडली तर काय करायचं?" एक जण विचारत होता.

"म्हातारीला सोडायचं. वर्दीवालीला कड्याकडं न्या म्हणालेत."

"आन् मग?"

दुसरा पचकन थुंकला. ते पुढे गेले.

माझे दात वाजायला लागले. थांबवता येईनात. मी मनगट तोंडात घालून चावलं. ठकूबाईने घोंगडीचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं आणि मला जवळ ओढलं. धूर, शेण, दूध, सगळा वास त्या घोंगडीला होता. मी तिला चिकटून बसले.

बऱ्याच वेळाने माणसं परत गेली असावीत. सगळं गप्प झालं. ती शांतता मला त्या माणसांपेक्षा वाईट वाटली. मग शिरसाटचा आवाज आला, मोठ्याने, कामापुरता.

"मॅडम, आम्ही कापायला सुरुवात करतोय. बाहेर या. नाही आलात तर तुमची जबाबदारी तुमच्यावर."

"मी नाही कापणार," बसाप्पाचा आवाज. "माझी पोरं नाही कापणार. आमचे कटर खाली ठेवले बघा."

"तू नको कापू. वाड्यावरचा आहे की माझ्याकडे. ए, घे तो कटर. तुला तिच्याशी काय देणंघेणं आहे? हिच्या खात्यानं तुझं काय केलं ते विसरलास?"

वाड्यावरचा कोण, हे मी त्या वेळी विचारातही घेतलं नाही. माझ्या मनात एकच होतं, की आता खरंच कापणार. कटरची दोरी ओढल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग तो सुरू झाला. दात लाकडात शिरल्यावर आवाज जाड होतो, तसा झाला.

ठकूबाईची बोटं माझ्या मनगटात रुतली. ती मान वाकडी करून ऐकत होती. मग उठली आणि सरळ त्या आवाजाच्या दिशेने चालायला लागली.

"मावशी, तिकडे नको. लांब जायचं आपल्याला."

"सोड मला."

"झाड अंगावर येईल."

"सोड म्हणते न्हवं."

तिने हात हिसकला. मी तिच्या मागे गेले, कारण एकटीने मागे राहण्याची हिंमत नव्हती. ती एका उघड्या जागी थांबली. आता तिने नुसतं 'मी हितं हाय' म्हटलं नाही.

"ठकू झोरे हाय मी!" तिने हाक दिली. "आत मी हाय! ठकू झोरे!"

कटरचा आवाज अडखळला, खाली आला, बंद झाला.

तिकडे शिरसाट ओरडत होता, शब्द कळत नव्हते. पुन्हा दोरी ओढली गेली. पुन्हा लाकडात दात शिरले. ठकूबाई आणखी पुढे गेली. आता आम्ही इतक्या जवळ होतो की पेट्रोलचा धूर धुक्यात मिसळून तोंडावर येत होता. तिने तीच हाक दिली, त्याच शब्दांत, घाई न करता. कटर पुन्हा बंद पडला.

"आण इकडं," शिरसाटचा आवाज आता स्पष्ट ऐकू आला. "हिजड्यासारखा उभा राहतोस. आण."

तिसऱ्या वेळी कटर वेगळाच वाजला. उगाच जास्त फिरत होता, मध्येच साखळी अडकायची, मग हिसका बसून सुटायची. माझे वडील असलं ऐकलं की डोळे मिटून घ्यायचे. लाकूड न कळणाऱ्याचा हात होता तो.

"ह्यो दुसरा हाय," ठकूबाई म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच मला भीती ऐकू आली. "पळ. बाई, पळ."

पण कुठे पळायचं? झाड कुठलं कापतायत ते दिसत नव्हतं. तिने हाका मारल्या, एक, दोन, तीन. कटर थांबला नाही. मग लाकडाच्या आतून कुरकुर आली. दार उघडताना बिजागरी करते तशी, पण खोल, आणि चारी बाजूंनी आल्यासारखी. वारा अजिबात नव्हता, तरी वरून पानं पडायला लागली. मी वर बघितलं. धुक्यात गारंबीचा एक वेल हळूहळू ताणत होता. ढिला लोंबलेला वेल दोरीसारखा सरळ झाला. मग त्याच्या पलीकडचा. कापलेलं झाड आपल्याबरोबर दुसऱ्या झाडाला ओढत होतं, आणि ते दुसरं झाड आमच्या डोक्यावर होतं.

मी पळाले नाही. पळायचं असतं हेच मला आठवेना.

ठकूबाईने मला दोन्ही हातांनी ढकललं. मी अंजनीच्या बुंध्यावर जाऊन आपटले आणि तो मिठीत धरला. मग सगळं आभाळ खाली आलं.

थांबलं तेव्हा कानात नुसता दडा बसला होता. भोवती फांद्याच फांद्या. धुक्याच्या जागी हिरवं, त्यात पांढरा भुसा तरंगत होता. मी मुठी उघडल्या, मिटल्या, पाय हलवून बघितला. मी धड होते.

"मावशी?"

ती दोन हातांच्या अंतरावर पडली होती. एक जाड फांदी तिच्या मांडीवर आडवी बसली होती. डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती.

"आये!"

फांद्या तोडत एक माणूस आला. त्याने डोक्यावरची खोळ ओढून फेकली, तोंडाचा टॉवेल सोडला. तो नवलू होता. त्याच्या हातांवर, छातीवर, भुवयांवर सगळीकडे भुसा होता. तेव्हा मला कळलं की दोन वेळा थांबलेला कटर कुणाच्या हातात होता.

त्याने फांदीला खांदा लावला. मी लावला. ती हलेना. तो मागे पळाला आणि कटर घेऊन आला. शिरसाटने तो झाड पडल्यावर तिथेच टाकून दिला होता. नवलूने दोरी ओढली. हात इतके थरथरत होते की दात फांदीवर नाचायला लागले.

"हळू," ठकूबाई म्हणाली. तोंड पांढरं पडलं होतं. "हात नको थरथरू देऊ. आधी पल्याडनं काप."

त्याने पलीकडून कापलं, मग अलीकडून. तिच्या मांडीपासून चार बोटांवर साखळी फिरत होती आणि भुसा तिच्या तोंडावर उडत होता. तिने डोळे मिटले नाहीत. ती त्याच्याकडेच बघत राहिली. बसाप्पा आणि त्याच्या माणसांनी तुकडा उचलून बाजूला टाकला. वर कुठेतरी जीप चालू झाल्याचा आवाज आला. शिरसाट निघून गेला होता.

काटकर साहेब आणि पोलीस आले तेव्हा आम्ही तिला घोंगडीच्या झोळीत घालून वर काढत होतो. साहेब काही विचारणार तोच नवलूच म्हणाला, "साहेब, मी पण कापत हुतो. माजं नाव लिवा. पण आधी हिला न्हेऊ द्या." साहेबांनी कागद खिशात घातला आणि स्वतः झोळीच्या बांबूला खांदा दिला.

पोलिसांची गाडी खाली गावात उभी होती. वाड्याच्या खालची वाट खडी आहे, पाण्याने धुपलेली. नवलू पुढे, मी आणि साहेब मागे, बसाप्पा बाजूने झोळी सावरत. एका वळणावर नवलू एकदम थांबला. पुढे पाऊल टाकेना. मला वाटलं दमला असेल. मग ध्यानात आलं, त्याची बायको कुठे गेली ते मला वाड्यावर कुणीतरी दाखवलं होतं. हेच ते वळण.

"चल," झोळीतून ठकूबाई म्हणाली. "मी मरत न्हाई."

ती मेली नाही. पण तिची मांडी कधीच नीट जुळली नाही. त्यानंतर ती काठीशिवाय चालली नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टाची माणसं आली. पाडलेल्या बुंध्यांचा चीक अजून ओला होता. बाकीचं काळवण उभं होतं. तो रस्ता झाला नाही. पुढे खात्याने जिल्ह्याच्या गावी ठकूबाईचा सत्कार केला. वनरक्षणासाठी जीव धोक्यात घालणारी आदिमाया, असं काहीतरी एक वक्ते म्हणाले. शाल आणि नारळ मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली होती आणि गोंधळून सभागृहाच्या पंख्याकडे बघत होती. मीही तिच्याबद्दल बोलले. तिने झाडांसाठी काय केलं ते मी रंगवून सांगितलं. मला तेव्हा तसंच वाटत होतं. पुढे चार वर्षं मी सगळ्यांना तसंच सांगत होते.

मग खटला उभा राहिला. नवलू माफीचा साक्षीदार झाला होता. शिरसाटच्या वकिलांनी झाड वाऱ्याने पडलं असा बचाव घेतला होता. कटर कुणी चालवला, कुणाच्या सांगण्यावरून चालवला, नवलूने सगळं सांगितलं. मग वकील उलटतपासणीला उठले.

"तुम्ही दोनदा कटर बंद केला म्हणता. का?"

"आय आत हुती. हाक आली."

"या मॅडमसुद्धा आत आहेत, हे माहीत होतं तुम्हाला?"

"व्हय. माज्यासमोरच पळत आत शिरल्या त्या."

"म्हणजे आई होती म्हणून बंद केला. आई नसती, फक्त मॅडम असत्या, तर केला असता बंद?"

सरकारी वकील उठले, काहीतरी म्हणाले. न्यायाधीशांनी साक्षीदाराला उत्तर देऊ द्या म्हणून सांगितलं. नवलूने कठड्याला धरलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवसानंतर त्याने माझ्या डोळ्यांत सरळ बघितल्याचं मला आठवत नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. "कापलं असतं."

कोर्टात पंखा फिरत होता, बाहेर रिक्षा वाजत होत्या. मला मात्र वाऱ्याशिवाय गळणारी ती पानं दिसायला लागली. मी बाकाची कड घट्ट धरली. किती वेळ धरली होती कोण जाणे, बोटं नंतर सोडवून घ्यावी लागली.

साक्ष संपल्यावर तो बाहेर चिंचेखाली माझ्याजवळ आला.

"बाई, शपथ घातली हुती," तो खाली बघत म्हणाला. "खोटं बोलायला आलं न्हाई."

"बरं केलंस," मी म्हणाले. आम्ही दोघांनी टपरीवर चहा घेतला आणि एकाच एसटीने परत आलो, पुढच्या-मागच्या बाकावर.

शिरसाटला शिक्षा झाली. वरच्या कोर्टात ती कमी झाली. वाड्याला साधी वाट मंजूर व्हायला अजून बरीच वर्षं लागली, आणि त्या अर्जामागे मी किती हेलपाटे घातले ते सांगत बसत नाही.

त्या साक्षीनंतर दोन दिवसांनी मी वाड्यावर गेले. ठकूबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर पाय लांब करून बसली होती, ताक घुसळत. मी शेजारी बसले. तिने मला ताकाचं भांडं दिलं. नवलूने कोर्टात काय सांगितलं ते मी सांगितलं. ती घुसळत राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पोटचं पोर हाय. मला ठावं नसंल व्हय?"

"म्हणजे त्या दिवशी म्हैस चुकली नव्हती."

"म्हस दावणीलाच हुती. सकाळी त्यो कटरच्या कामाला निघाला, तवा त्याचं तोंड बघितलं हुतं मी. मग तू आलीस, वर्दी घालून, एकली."

"आणि तुम्ही माझ्यासाठी आत शिरलात."

रवीची दोरी थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली, आपल्याला खोटं बोलायला आवडलं असतं पण जमणार नाही, अशा नजरेने.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "तुजी काळजी न्हवती मला. त्याची हुती. बायकू गेली, पोर गेलं. ल्योक तरी माणूस म्हणून घरी यायला पायजे हुता."

तिने दोरी पुन्हा ओढली. मी भांड्यातलं ताक संपवलं आणि आणखी मागून घेतलं.